रोल्स रॉइस एवढी गप्प का असते

रोल्स रॉइसचा विषय निघाला की बोलणं हमखास दोन ठिकाणी जाऊन अडकतं, एक म्हणजे किंमत आणि दुसरं म्हणजे कुठल्याशा महाराजांनी ती गाडी कचरा उचलायला लावली ती गोष्ट. किमतीचं मी सांगत बसत नाही, कारण ज्याला घ्यायचीये तो विचारत नाही आणि ज्याला घ्यायची नाही त्याला कळून काय उपयोग. कचऱ्याकडे नंतर येतो. मला ह्या गाडीची खरी गंमत वेगळीच वाटते, सव्वाशे वर्षं होत आली तरी ही मंडळी मुळात एकच गोष्ट विकतायत आणि ती म्हणजे आवाज नसणं. नुसता इंजिनाचा आवाज नाही बरं का, हबके, थरथर, गिअर पडल्याचा झटका, घाई, हे सगळं गाडीतून काढून टाकायचं आणि जे उरेल त्याचे पैसे घ्यायचे. नावं बघा ना त्यांची, घोस्ट, फँटम, रेथ, शॅडो, स्पेक्टर. सगळी भुतंखेतं आणि सावल्या. भूत शेजारून गेलं तरी पावलं वाजत नाहीत, एवढंच सांगायचंय त्यांना.

आता हे आवाजाचं वेड आलं कुठून, तर हेन्री रॉइसकडून. जन्म १८६३ चा, इंग्लंडमधल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, धंदा बुडाला, बाप लवकर गेला, पोरगा लहानपणीच पेपर विकायला लागला, मग तारा पोचवायला लागला. एका आत्याने की मावशीने फीचे पैसे भरले म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळाली, तीही पैसे संपल्यावर अर्धवट सुटली. १८८४ मध्ये मँचेस्टरला त्याने स्वतःचं दुकान थाटलं, विजेच्या घंट्यांसारख्या किरकोळ वस्तूंपासून सुरुवात आणि मग डायनॅमो, विजेवर चालणाऱ्या क्रेन असं करत करत चांगलं बस्तान बसलं. चाळिशीला टेकल्यावर त्याने एक जुनी फ्रेंच गाडी घेतली, दकोव्हिल नावाची. बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की ती गाडी फार भिकार होती म्हणून त्याने स्वतःची केली, पण तसं काही नव्हतं, त्या काळाच्या मानाने ती बरी गाडी होती. प्रश्न रॉइसचा होता. त्याला बरी चालत नसे. त्याने ती उघडली, एकेक भाग बघितला, हा नीट करता येईल, हाही नीट करता येईल असं करत करत १९०४ च्या एप्रिलमध्ये स्वतःची १० हॉर्सपॉवरची गाडी रस्त्यावर आणली. नवा शोध असा त्यात जवळपास काही नव्हता हे लक्षात घ्या. जे होतं तेच, पण नीट घासलेलं, नीट बसवलेलं, आणि म्हणून न खडखडणारं.

दुसरा माणूस अगदी उलट्या टोकाचा. चार्ल्स रोल्स, १८७७ चा जन्म, लॉर्डचा मुलगा, ईटन आणि केंब्रिजला शिकलेला, सायकली, फुगे, मोटारी, जे जे वेगाने जातं ते सगळं केलेलं. लंडनमध्ये तो बाहेरून आणलेल्या गाड्या विकायचा आणि त्याचं दुखणं एवढंच की विकण्यासारखी एक धड इंग्लिश गाडी सापडत नव्हती. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात ह्या दोघांची भेट झाली. रोल्सला दोन सिलिंडरच्या गाड्या आवडत नसत आणि रॉइसची गाडी नेमकी दोन सिलिंडरची. इथे जरा थांबून हे समजून घेऊ कारण पुढे कामाला येणारे. साध्या पेट्रोल इंजिनात आतली फिरती दांडी, म्हणजे क्रँक, दोन फेरे मारते तेवढ्यात प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. म्हणजे दोन सिलिंडर असले तर दोन फेऱ्यांत दोनच धक्के, मधे सगळी शांतता, मग परत धक्का. आत बसलेल्या माणसाला तो प्रत्येक धक्का पार्श्वभागात जाणवतो. रोल्स ह्याच तयारीने बसला असणार आणि गाडी सुरू झाली तर ती अशी मऊ चालली की गडी त्याच दिवशी फिदा. तू जेवढ्या बनवशील तेवढ्या सगळ्या मी विकतो, असा करार डिसेंबरमध्ये झाला आणि गाडीचं नाव ठरलं रोल्स रॉइस. जो विकणारा त्याचं नाव आधी आणि बनवणाऱ्याचं नंतर, धंद्यात असंच असतं.

तिसरा एक माणूस होता, क्लॉड जॉन्सन, त्याचं नाव कुठेच नाही. तो रोल्सचा भागीदार आणि पुढे कंपनीचा कारभारी. रोल्स आणि रॉइस ह्या दोन नावांच्या मधे इंग्रजीत जी छोटी आडवी रेघ असते ना, ती रेघ म्हणजे हा, असं लोक त्याच्याबद्दल म्हणायचे. माझं प्रामाणिक मत असं की हा रेघवाला नसता तर आज आपण ह्या कंपनीबद्दल बोलत नसतो.

कारण १९०७ ला काय झालं बघा. रॉइसने सहा सिलिंडरचं ७,०३६ सीसीचं इंजिन बनवलं होतं. तेव्हा सहा सिलिंडर म्हणजे डोकेदुखी समजली जायची, कारण क्रँक लांब होते आणि लांब दांडी पिळ खाते, ओला टॉवेल पिळल्यासारखी, जरा जरा पिळायची परत सुटायची आणि एका ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरायला लागायची, कधी कधी क्रँक तुटायची सुद्धा. रॉइसने तीन तीन सिलिंडरचे दोन गट केले, आरशात बघावं तसे एकमेकांच्या उलटे, क्रँक जाड केली आणि तिला सात बेअरिंगचा आधार दिला. थरथर गेली. मग जॉन्सनने त्यातली एक गाडी उचलली, चंदेरी रंग मारला, चांदीचा मुलामा दिलेले भाग लावले, तिला सिल्व्हर घोस्ट असं नाव दिलं आणि लंडन ते ग्लासगो, ग्लासगो ते लंडन असं दामटत ठेवलं. एकदा पेट्रोलची तोटी आपोआप फिरून बंद झाली तेवढा एक थांबा सोडला तर पुढे १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजार किलोमीटरच्या वर, ती गाडी बिघाडासाठी थांबली नाही. ज्या काळात लोक गावाबाहेर मोटार नेताना मेकॅनिक बरोबर न्यायचे त्या काळात. नंतर पंचांसमोर गाडी खोलली आणि झिजलेले भाग बदलायचा खर्च निघाला दोन पौंड आणि वर थोडी चिल्लर. जगातली सर्वोत्तम गाडी ही पाटी तिथून चिकटली ती चिकटलीच. सिल्व्हर घोस्ट हे नाव खरं त्या एका गाडीचं, पण लोकांनी त्या अख्ख्या मॉडेललाच ते लावलं आणि ते मॉडेल १९२६ पर्यंत चाललं, एकूण ७,८०० च्या वर गाड्या.

रोल्सचं मन मात्र तोवर मोटारीतून उडालं होतं, त्याला विमानाचं वेड लागलं. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता जाऊन येऊन पार केली, असं करणारा पहिला, आणि पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, बोर्नमथच्या कार्यक्रमात त्याच्या राईट विमानाची शेपटी तुटली आणि तो गेला. वय ३२. विमान अपघातात मेलेला पहिला ब्रिटिश माणूस. म्हणजे ज्याचं नाव आधी लागतं तो कंपनीच्या आयुष्यात सहा वर्षंच होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रॉइस पण पुढे आजारी पडला, जेवण वेळेवर न घेता राब राब राबल्याचा परिणाम, आणि मग वर्षानुवर्षं तो डर्बीच्या कारखान्यात न जाता थंडीत दक्षिण फ्रान्समधून आणि एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेस्ट विटरिंग गावातून ड्रॉइंग पाठवायचा. वर्क फ्रॉम होम म्हणा हवं तर. १९३३ ला गेला. त्यानंतर आरआर ही अक्षरं लाल होती ती शोक म्हणून काळी केली, अशी एक गोष्ट फिरते, ती गोड आहे पण खरी नाही, लाल रंग गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या रंगांशी मारामारी करायचा म्हणून तो बदल रॉइस हयात असतानाच ठरला होता.

बॉनेटवर ती पंख पसरलेली बाई असते तिचीही गोष्ट ह्याच गप्प राहण्याशी जुळते. चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने लॉर्ड माँटेग्यूंसाठी त्यांच्या गाडीवर लावायला एक छोटी मूर्ती केली होती, वाऱ्यावर उडणारे कपडे आणि ओठांवर बोट. तिचं नाव द व्हिस्पर, कुजबुज. ती मूर्ती म्हणे माँटेग्यूंची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन हिच्यावरून केली आणि त्या दोघांचं प्रेम होतं जे उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ओठांवर बोट. मग लोक आपापल्या रोल्सवर काय वाट्टेल ती चित्रं, मांजरं, पोलीस वगैरे बसवायला लागले तेव्हा जॉन्सनने साइक्सलाच सांगितलं की आम्हाला एक अधिकृत करून दे, आणि १९११ ला स्पिरिट ऑफ एक्स्टसी आली. रॉइसला ती आवडली नव्हती. आणि एलिनॉर १९१५ च्या शेवटी भारताकडे निघालेल्या पर्शिया जहाजावर होती, माँटेग्यूंच्या बरोबर, जहाज पाणबुडीने बुडवलं, ते वाचले, ती नाही.

आता आपल्याकडचे राजे. त्या काळी कंपनी तुम्हाला पूर्ण गाडी विकतच नसे, नुसती चेसी द्यायची, म्हणजे इंजिन, चाकं, सांगाडा. आपल्याकडे ट्रकची जशी नुसती चेसी घेऊन बॉडी दुसरीकडे बांधतात ना, अगदी तसं. बॉडी तुम्ही बार्कर, हूपर, मुलिनर असल्या कारागिरांकडून बांधून घ्यायची. त्यामुळे राजाला शिकारीची गाडी हवी, मिरवणुकीची हवी, पडद्यातल्या बायकांसाठी जाळीची हवी, काहीही होऊ शकायचं. आणि ह्यात एक मस्त गोष्ट आहे, १९०८ मध्ये कंपनीने पर्ल ऑफ द ईस्ट नावाची एक घोस्ट मुंबईत आणली आणि मुंबई ते कोल्हापूर घाटांच्या शर्यतीत उतरवली. तेव्हाचे घाट, तेव्हाचे रस्ते, कल्पना करा. ती जिंकली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेऊनच टाकली. त्यानंतर संस्थानिकांमध्ये जी लाट आली ती ह्या घाटातून आली असं म्हणायला मला आवडतं.

कचऱ्याची गोष्ट म्हणाल तर ती कधी अलवारच्या नावावर असते, कधी पतियाळा, कधी भरतपूर, कधी हैदराबाद. शोरूममध्ये साध्या कपड्यात गेले, अपमान झाला, सगळ्या गाड्या घेतल्या आणि झाडू बांधून रस्ते झाडायला लावल्या. जी गोष्ट चार वेगवेगळ्या राजांच्या बाबतीत शब्दशः तशीच घडते तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. मला ती खोटी वाटते, पण ती इतकी टिकली का हे मात्र कळतं, साहेबाचा नाक वर करणारा सेल्समन आणि त्याची जिरवणारा आपला माणूस, हे कुणाला नाही आवडणार. बाकी गाड्यांची संख्या बघायची तर ती नुसत्या आपल्या राजांकडेच नाही, अमेरिकेत ओरेगॉनच्या आश्रमात भगवान रजनीशांकडे ९३ होत्या असं सांगतात.

जाहिरातीत सुद्धा मुद्दा तोच. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वीने जी जाहिरात लिहिली ती जाहिरातवाले अजून पोरांना शिकवतात, ताशी ६० मैल वेगात ह्या गाडीतला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे घड्याळाची टिकटिक. वाक्य त्याचं नव्हतंच, एका मोटार मासिकाच्या परीक्षणातून उचललेलं होतं. आणि ते वाचून कारखान्यातला एक इंजिनिअर मान हलवत म्हणाला की त्या घड्याळाचं काहीतरी करायला पाहिजे, असं ओगिल्वीनेच लिहून ठेवलंय. इंजिनाची ताकद किती ते पण ही कंपनी कित्येक वर्षं छापायचीच नाही, विचारलं तर पुरेशी आहे, एवढंच उत्तर. आजही त्यांच्या गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा, काटा नसतो, पॉवर रिझर्व्ह असतो, म्हणजे किती वापरली ते नाही, किती शिल्लक आहे ते दाखवणारा. हायवेवर पळताना सुद्धा काटा नव्वद टक्क्यांच्या आसपास. मला विचाराल तर ह्या ब्रँडचा सगळा स्वभाव त्या एका काट्यात आहे.

आता तो भाग जिथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. विमानाच्या इंजिनावर पण रोल्स रॉइस लिहिलेलं असतं, मग ती आणि ही एकच का? एकेकाळी एकच होती, आता नाही. पहिल्या महायुद्धात ह्यांनी विमानाची इंजिनं करायला घेतली, १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन न थांबता अटलांटिक ओलांडून गेले ते ह्यांच्याच ईगल इंजिनांवर, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये ह्यांचं मर्लिन. हळूहळू विमानं हाच मोठा धंदा झाला आणि गाड्या शेपटासारख्या मागे. मग लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी२११ नावाचं इंजिन करायचं काम घेतलं, ठरलेल्या किमतीत. पुढचा पंखा कार्बन फायबरचा करायचा होता, पण उडता पक्षी आपटला तर काय होतं हे बघायला त्यावर मेलेली कोंबडी तोफेने मारतात त्या परीक्षेत तो पंखा टिकेना, परत टायटॅनियमचा करावा लागला, खर्च हाताबाहेर गेला, आणि ४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स रॉइस दिवाळखोरीत. विचार करा, रोल्स रॉइस आणि दिवाळं. सरकारने इंजिनांची कंपनी ताब्यात घेतली आणि गाड्यांचा विभाग, जो बिचारा नीट चाललेला होता, १९७३ मध्ये वेगळा काढून विकला. तो १९८० ला व्हिकर्स ह्या कंपनीकडे गेला. पण ह्या वाटणीत एक गोम राहिली, रोल्स रॉइस हे नाव आणि दोन आरचं चिन्ह ह्यांचा मालकी हक्क इंजिनवाल्यांकडेच राहिला, गाडीवाले ते फक्त वापरत होते. शेत एका भावाचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, तसलं प्रकरण.

पंचवीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. १९९८ ला व्हिकर्सने गाड्यांची कंपनी विकायला काढली. बीएमडब्ल्यूने ३४० मिलियन पौंड लावले, फोक्सवॅगनने ४३०. जास्त बोलीवाला जिंकला, फोक्सवॅगनला इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना मिळाला, कामगार मिळाले, पुढच्या जाळीचा आकार मिळाला, ती पंखवाली बाई मिळाली, बेंटली मिळाली (१९३१ पासून ती ह्यांचीच होती). नाव नाही मिळालं. इंजिनवाल्यांची बीएमडब्ल्यूबरोबर विमान इंजिनात भागीदारी होती, त्यांनी गाडीसाठी नाव वापरायचा हक्क बीएमडब्ल्यूला ४० मिलियनमध्ये देऊन टाकला. म्हणजे एकाकडे लग्नाचा मांडव, वऱ्हाड, जेवणावळ सगळं, आणि दुसऱ्याकडे नवरीचं नाव लिहिलेली पत्रिका. वर तेव्हाच्या गाड्यांत इंजिनं बीएमडब्ल्यूचीच होती, ती पण बीएमडब्ल्यूवाले बंद करू शकत होते. शेवटी तडजोड झाली, २००२ संपेपर्यंत फोक्सवॅगनने दोन्ही ब्रँड चालवायचे, त्यानंतर रोल्स रॉइस बीएमडब्ल्यूची आणि बेंटली फोक्सवॅगनची. तेव्हा सगळे फोक्सवॅगनला हसले. पण त्यांना बेंटली आणि चालू कारखाना मिळाला आणि बेंटलीचं त्यांनी सोनं केलं, त्यामुळे कोण जिंकलं हे मी ठामपणे नाही सांगू शकत.

बीएमडब्ल्यूला मात्र शून्यातून सुरुवात. गुडवूडला नवा कारखाना, रॉइसच्या त्या वेस्ट विटरिंगपासून जवळच, आणि १ जानेवारी २००३ ला रात्री बारा वाजून एक मिनिटाने पहिल्या नव्या फँटमची चावी गिऱ्हाइकाच्या हातात. कुत्सितपणे लोक म्हणतात की ही तर महागडी बीएमडब्ल्यू, आणि मालकी बघता ते चूक नाही, पण २०१७ ची फँटम घ्या, तिचा अॅल्युमिनियमचा सांगाडा फक्त रोल्स रॉइसचा. इंजिन ६.७५ लिटरचं व्ही १२. वर दोन सिलिंडरचं सांगितलं ते आठवा, बारा सिलिंडर असले की क्रँकच्या दोन फेऱ्यांत बारा धक्के, एक संपायच्या आत पुढचा सुरू झालेला असतो, म्हणून धक्का असा जाणवतच नाही, नुसता दाब जाणवतो. ९०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,७०० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे इंजिनाला ओरडावंच लागत नाही. पुढचा कॅमेरा येणारा रस्ता बघून सस्पेन्शनला आधीच सांगून ठेवतो. काचा दुहेरी, टायरच्या आत फोम, आणि आवाज गिळणारं सामान १३० किलोच्या वर, दोन माणसांचं वजन आहे ते, नुसतं शांततेसाठी वागवायचं. २०२० च्या घोस्टमध्ये तर इतकी शांतता झाली की माणसाला आत गरगरल्यासारखं व्हायला लागलं म्हणून इंजिनिअरांनी मुद्दाम एक बारीक सूर परत ठेवला. त्याला ते कुजबुज म्हणतात. एलिनॉरचीच आठवण येते.

बाकी दारातली छत्री, छतातल्या फायबरच्या चांदण्या, चाक फिरलं तरी सरळच उभी राहणारी मधली आरआर अक्षरं, ह्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. चामडं बैलाचंच घेतात, कारण गाय गाभण राहिली की कातडी ताणते आणि वण राहतात. रंग ४४ हजारांतून निवडा आणि त्यातला नको असेल तर तुमचा वेगळा करून देतात. वर्षाला सहा हजारांच्या आसपास गाड्या विकतात, २०२२ ला पहिल्यांदा हा आकडा ओलांडला, आणि मोठा फायदा गाडीपेक्षा ह्या तुमच्यासाठी खास करून देण्यात असतो. राजांच्या वेळची बॉडी बांधून घ्यायची पद्धतच फिरून आलीये, २०२१ ची बोट टेल तर फक्त तीन जणांसाठी केली.

आणि आता खरी पंचाईत. इलेक्ट्रिक गाडी मुळातच गप्प असते, कुणाचीही असो. शंभर वर्षं जे विकलं ते आता साध्या गाडीत फुकट मिळतंय. गंमत म्हणजे हे रोल्सला आधीच दिसलं होतं, १९०० साली, रॉइस भेटायच्या चार वर्षं आधी, त्याने एक विजेवरची कोलंबिया गाडी चालवून पाहिली होती आणि म्हणाला होता की आवाज नाही, वास नाही, थरथर नाही, चार्जिंगची ठिकठिकाणी सोय झाली की ही फार कामाची होईल. ती सोय व्हायला सव्वाशे वर्षं गेली आणि २०२३ मध्ये कंपनीने स्पेक्टर ही पहिली पूर्ण इलेक्ट्रिक गाडी गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. तिची बॅटरी जवळजवळ ७०० किलोची आहे. दुसरी कुठलीही कंपनी ह्या वजनाबद्दल कानकोंडी झाली असती, हे म्हणाले, बरंच झालं, खालून येणारा रस्त्याचा आवाज अडवायला उपयोगी पडते.